धुराचे दिवस: आधी एक खोली, यंत्र शेवटी

धूर वाढला की बहुतेक घरांत गोष्टी ठरल्यासारख्या घडतात. खोकला सुरू होतो, कोणीतरी एअर प्युरिफायर आणतं, तो बैठकीच्या खोलीत सोफ्यामागच्या कोपऱ्यात लागतो. सकाळी उठल्याबरोबर "जरा ताजी हवा येऊ दे" म्हणून सगळ्या खिडक्या सताड उघडतात. संध्याकाळी डासांसाठी कॉइल पेटते. आठवड्याने निकाल लागतो: यंत्राचा काही उपयोग नाही.

उपयोग असतो, पण क्रम उलटा झालेला असतो. आधी बाहेरचा धूर आत येण्याच्या वाटा कमी करायच्या, मग घरात आपण स्वतः करतो तो धूर थांबवायचा, आणि त्यानंतर उरलेलं गाळायचं. मास्क बाहेर पडताना लागतो. हे सगळं एका खोलीपासून सुरू करायचं. अख्खं घर स्वच्छ करायला गेलेल्यांच्या हाती बहुतेकदा एकही खोली धड लागत नाही.

टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. पहिले दोन धूर येण्याआधीच उरकायचे, कारण डोळे चुरचुरायला लागल्यावर कोणाला फटी बुजवायची हौस राहत नाही.

टप्पा १: हंगामाआधी, हवा बरी असताना

सुरुवात औषधांपासून करा. घरात दमा, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) किंवा हृदयविकाराचा रुग्ण असेल तर धुराच्या आधी डॉक्टरांना एकदा भेटून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: रोजचा पंप (इनहेलर) कोणता आणि किती, त्रास वाढला तर काय वाढवायचं, आणि कुठल्या क्षणी थेट रुग्णालय गाठायचं. त्यांच्या हातचा तो कागद फ्रिजवर लावा. फाइलमध्ये गेलेला कागद रात्री दोनला सापडत नाही.

दुसरं, पंप खरोखर भरलेला आहे का ते पाहा. डोस मोजणारा आकडा असेल तर सोपं. नसेल तर हलवून अंदाज घेऊ नका. औषध संपल्यावरही डबीतला वायू फुस्स करतच राहतो. वापरायला सुरुवात केली ती तारीख डबीवर लिहून ठेवा आणि रोजच्या डोसांचा हिशोब करा.

तिसरं, मास्क आणि फिल्टर आताच आणून ठेवा. धूर दाटला की आधी हेच संपतात, मग मिळेल ते गळ्यात मारलं जातं.

परवडत असेल तर पीएम २.५, म्हणजे धुरातले अगदी बारीक कण, मोजणारं छोटं यंत्र घ्या. ते अगदी अचूक नसतं, दमट हवेत आणि धुक्यात आकडा फुगवून दाखवतं. तरीही बाहेर किती आणि आत किती, हा फरक त्यावर नीट कळतो आणि पुढचे निम्मे निर्णय त्या फरकावरच होतात.

*तपासा:* औषधाचा कागद, पंप, माणशी किमान दोन-तीन मास्क आणि एक जादा फिल्टर हाताशी आहे? नसेल तर पुढे जाण्याआधी तेवढं करा.

टप्पा २: खोली निवडा आणि तिच्या फटी शोधा

खोली झोपायचीच निवडा. दिवसाचा तिसरा हिस्सा आपण तिथे असतो आणि दार लावून असतो. लहान मूल, गरोदर बाई, वयस्कर माणूस किंवा दम्याचा रुग्ण असेल तर ते झोपतात ती खोली आधी. खिडक्या कमी, स्वयंपाकघरापासून लांब आणि रस्त्याच्या विरुद्ध बाजूला असेल तर आणखी चांगलं.

फटी डोळ्यांनी फारशा सापडत नाहीत. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी फाडा. वारा असलेल्या दिवशी पंखा बंद करून ती खिडकीच्या चौकटीलगत हळूहळू फिरवा. जिथे पट्टी फडफडेल तिथे खडूची खूण करा. सरकत्या खिडक्यांत दोन तावदानं एकमेकांवर येतात ती उभी रेघ हमखास गळते. एसीच्या नळीचं भोक, केबलसाठी पाडलेलं छिद्र, वापरात नसलेल्या पंख्याची चौकट या जागा विसरू नका. रात्री खोलीत अंधार करून बाहेरून कोणाला टॉर्च मारायला सांगितलं तरी बऱ्याच फटी उजेडाने स्वतःच दिसतात.

खिडकीच्या कडेला फोमची चिकटपट्टी, भोकांना पुट्टी, वर्षभर न उघडणाऱ्या तावदानाला मास्किंग टेप. दाराखाली जाड पंचा गुंडाळून ठेवा किंवा ब्रशची पट्टी लावा. पंचा पांढरा असेल तर फुकटात पुरावाही मिळतो. आठवड्याने उलगडला की बाहेरच्या बाजूला दाराच्या रुंदीएवढा राखाडी पट्टा दिसतो. आमच्या घरी फटी बुजवायच्या वेडाला हसणारे तो पट्टा पाहून स्वतः टेप घेऊन बसले.

एक खिडकी मात्र सहज उघडेल अशी ठेवा. ती टप्पा ५ मध्ये लागेल.

*इशारा:* गॅसचा गीझर, गॅसची शेगडी किंवा जळणारं कुठलंही उपकरण असलेल्या जागेची हवेची जाळी कधीही बुजवू नका. बंद खोलीत ऊब यावी म्हणून निखाऱ्यांची शेगडी ठेवणं तर जिवावर बेततं. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि तो ना मास्कने अडतो ना प्युरिफायरने. जनरेटरही घरात, गच्चीच्या जिन्यात किंवा खिडकीखाली चालवायचा नाही.

टप्पा ३: आकडा वाचायला शिका

धुरातले त्रासदायक कण २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. इतके बारीक कण नाकात न अडकता फुप्फुसात खोलवर जातात आणि त्यातले काही रक्तातही उतरतात. धुराच्या दिवसांत दम्याइतकीच काळजी हृदयरोग्यांची करायची ती यासाठी.

आता गोंधळाची जागा. फोनवर दिसणारा एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, हा एकच आकडा जगभर एकाच अर्थाने वापरत नाहीत. हवेत दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम पीएम २.५ असेल तर भारतीय मोजपट्टीवर एक्यूआय १०० येतो, अमेरिकी मोजपट्टीवर तोच साधारण १५४. हवा तीच. एका ॲपमध्ये फिकट हिरवा आणि दुसऱ्यात लाल रंग दिसला की लोक म्हणतात, दोन्ही खोटे. दोन्ही खरे असतात, पट्ट्या वेगळ्या असतात. म्हणून ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन एक्यूआयऐवजी मायक्रोग्रॅमचा आकडा निवडा. त्यात भाषांतराची भानगड नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेली मर्यादा २४ तासांच्या सरासरीसाठी १५ मायक्रोग्रॅम आणि वर्षाच्या सरासरीसाठी ५ आहे. धुराच्या हंगामात अनेक ठिकाणी ती गाठणं अवघडच. म्हणून रोजच्या निर्णयांसाठी मी पुढची ढोबळ पट्टी वापरतो:

- ३५ पर्यंत: खिडक्या उघड्या, कामं नेहमीची.
- ३५ ते ५५: नाजूक प्रकृतीच्या माणसांनी बाहेरची धावपळ कमी करायची.
- ५५ च्या वर: खिडक्या बंद, ठरवलेली खोली चालू, बाहेर जाताना मास्क.
- १२५ च्या वर: बाहेरचा व्यायाम पूर्ण बंद, मुलांचे मैदानी खेळही.

आकडा कुठला आणि कधीचा आहे हेही पाहा. काही मोजपट्ट्या २४ तासांच्या सरासरीवर चालतात. शेजारी कचरा पेटला तरी तो आकडा तासाभरात हलत नाही, आणि धूर ओसरला तरी पटकन उतरत नाही. मोजणी केंद्र आठ-दहा किलोमीटर लांब असेल तर ते तुमच्या गल्लीबद्दल फार थोडं सांगतं. समोरची ओळखीची इमारत किंवा टेकडी धूसर झाली आणि नाकाला वास आला, तर ॲप हिरवं असलं तरी खिडकी लावा.

टप्पा ४: घरातला धूर आधी बंद करा

हा टप्पा सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात जास्त टाळला जातो. खिडक्या बंद केल्या की आत जे पेटवाल ते आतच राहतं. उघड्या घरात न जाणवणारी अगरबत्ती बंद खोलीत पीएम २.५ चा आकडा काही मिनिटांत बाहेरच्या वर नेऊ शकते.

क्रमाने बंद करायच्या गोष्टी अशा. घरात सिगारेट-विडी, अजिबात नाही. बाल्कनीत ओढली तरी धूर दारातून परत येतो. डासांची कॉइल: २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण सोडते असं मोजलं होतं. मच्छरदाणी लावा. मग अगरबत्ती, धूप, मेणबत्त्या. ज्या घरात त्या सोडता येत नाहीत तिथे निदान झोपायच्या खोलीबाहेर, दार लावून.

स्वयंपाकात तळणं आणि करपणं हे दोन मोठे स्रोत. धुराच्या दिवसांत उकडणं, वाफवणं, झाकण ठेवून शिजवणं जास्त करा. एक्झॉस्ट पंख्याबाबत दोन टोकाच्या चुका होतात. कोणी तो लावतच नाही, कोणी दिवसभर चालू ठेवतो. पंखा जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढीच हवा घराच्या फटींतून आत ओढली जाते. म्हणून शिजवताना आणि नंतर दहा-पंधरा मिनिटं लावायचा, मग बंद. त्या वेळात झोपायच्या खोलीचं दार लावलेलं हवं.

केर काढायची पद्धतही बदला. कोरड्या झाडूने बसलेली काजळी परत हवेत उडते. फरशी ओल्या फडक्याने पुसा, टेबल-कपाटंही ओल्या फडक्यानेच. साध्या व्हॅक्यूम क्लीनरमधून बारीक धूळ मागच्या बाजूने बाहेर पडते. त्यात हेपा (अगदी बारीक कण अडवणारा) फिल्टर नसेल तर या दिवसांत तो न वापरलेला बरा.

आणि एक न सुचणारी गोष्ट. हवा कोरडी पडते म्हणून अनेक जण ह्युमिडिफायर लावतात. पाण्याचं थंड धुकं उडवणाऱ्या अल्ट्रासॉनिक प्रकारात नळाचं जड पाणी घातलं तर त्यातले क्षारही बारीक कण होऊन उडतात. मोजणी यंत्राचा आकडा चढतो, प्युरिफायर घरघरायला लागतो आणि लोक खिडक्यांत फट शोधत बसतात. त्यात डिस्टिल्ड पाणीच घाला, नाहीतर तो बंद ठेवा.

*तपासा:* खिडक्या लावून, काहीही न पेटवता, तासाभराने आतला आकडा बाहेरच्यापेक्षा कमी आहे का? आत जास्त असेल तर धूर घरातच तयार होतोय. तो सापडल्याशिवाय प्युरिफायर विकत घेऊ नका.

टप्पा ५: खिडक्यांचं वेळापत्रक

खिडक्या कायम बंद ठेवणं हीदेखील चूकच. बंद खोलीत तीन-चार माणसं झोपली की कार्बन डायऑक्साइड वाढतो, सकाळी डोकं जड होतं, आणि दोष धुराला जातो.

पहाटेची हवा शुद्ध असते ही समजूत धुराच्या हंगामात बाजूला ठेवावी लागते. रात्री जमीन थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड आणि जड होते, आणि वरच्या उबदार हवेचा थर तिच्यावर झाकणासारखा बसतो. वारं पडलेलं असतं. रात्रभर जे जळलं ते त्या झाकणाखालीच घुटमळत राहतं. ऊन चढून जमीन तापली की झाकण उचललं जातं आणि धूर वर पांगतो. त्यामुळे अशा दिवसांत बहुधा पहाट आणि सकाळ सगळ्यात वाईट, आणि दुपार सगळ्यात बरी असते. फिरायला जाणाऱ्यांनीही वेळ बदलावी. पहाटे पाच वाजता धुक्यासारख्या दिसणाऱ्या हवेत झपझप चालणारी मंडळी पाहिली की मला त्यांना हाताला धरून घरी न्यावंसं वाटतं.

आग जवळच लागली असेल तर मात्र वाऱ्याची दिशा ठरवते, घड्याळ नाही. म्हणून नियम आकड्याचा ठेवा:

१. दुपारी बाहेरचा आकडा पाहा. दिवसातला सगळ्यात कमी वाटला की समोरासमोरची दारं-खिडक्या दहा-पंधरा मिनिटं उघडा.
२. त्या वेळी प्युरिफायर बंद ठेवा, नाहीतर तो गल्ली साफ करत बसतो.
३. खिडक्या लावा, मग प्युरिफायर पूर्ण वेगावर अर्धा तास.
४. आतला आकडा बाहेरच्यापेक्षा जास्त असेल तर वेळ कुठलीही असो, उघडा.

एसीचं काय? स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो. तो बाहेरची हवा आत आणत नाही आणि त्याची जाळी बारीक धूर अडवतही नाही, म्हणजे चालू ठेवायला हरकत नाही पण भरवसा ठेवायला आहे. खिडकीच्या एसीला बाहेरच्या हवेची खिट्टी असते, ती बंद करा. पाण्याचा कूलर मात्र बाहेरचीच हवा ओढून आत फेकतो, आणि ओल्या ताट्या धूर गाळत नाहीत.

*इशारा:* धूर आणि कडक उकाडा एकदम आले आणि घरात एसी नसेल, तर खिडक्या बंद करून कोंडून घेऊ नका. उष्माघात काही तासांत जीव घेऊ शकतो. खोलीतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की पंखाही गरम हवाच अंगावर मारतो. अशा वेळी वयस्कर माणसांना थंड इमारतीत हलवणं हाच पहिला उपाय.

टप्पा ६: आता यंत्र

इथवर केलं असेल तर प्युरिफायर लहानही पुरतो. निवडताना खोक्यावरची फुलं-पानं सोडून एकच आकडा शोधा: सीएडीआर, म्हणजे तासाला किंवा मिनिटाला किती स्वच्छ हवा देतो. धुरासाठी सोपा नियम असा की खोलीचं क्षेत्रफळ चौरस फुटांत जेवढं, निदान तेवढा सीएडीआर मिनिटाला घनफुटांत हवा. खोली १० बाय १२ म्हणजे १२० चौरस फूट, तर सीएडीआर १२०. छत १० फुटांवर असेल तर खोलीत १,२०० घनफूट हवा. यंत्र तासाला ७,२०० घनफूट गाळतं, म्हणजे सगळी हवा सहा वेळा. आकडा तासाला घनमीटरमध्ये दिला असेल तर त्याला १.७ ने भागा.

पण हा आकडा पूर्ण वेगाचा असतो. त्या वेगाला यंत्राचा आवाज झोपू देत नाही, मग रात्री ते सगळ्यात कमी वेगावर येतं आणि काम बरंच घटतं. त्यापेक्षा गरजेहून एक माप मोठं घ्या आणि मधल्या वेगावर चालवा.

फिल्टर हेपा हवा. खरा हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. 'हेपासारखा' लिहिलेलं घेऊ नका. वास घालवायला कार्बनचा थर लागतो. तो पातळ असेल तर लवकर संपतो. वास येतो म्हणजे कण अडत नाहीत असं मात्र नाही. ओझोन सोडणारं यंत्र कितीही स्वस्त मिळालं तरी नको, ओझोन स्वतःच फुप्फुसाला त्रास देतो. आयनायझरचं (हवेतल्या कणांना विद्युतभार देणारं) बटण असेल तर बंद ठेवा.

लावायची पद्धत:

१. फिल्टरवरचं प्लास्टिक काढा. हसू नका. बरीच यंत्रं फिल्टर आत बसवूनच येतात, आणि तो पिशवीत गुंडाळलेला असतो. माझा पहिला प्युरिफायर अकरा दिवस तसाच चालला. घरघर व्यवस्थित, हिरवा दिवा व्यवस्थित, आणि मागचं झाकण उघडलं तेव्हा आत चकचकीत पिशवीतला पांढराशुभ्र फिल्टर. पांढरा राहिलेला पाहून क्षणभर मला आनंदच झाला होता, हवा किती स्वच्छ आहे आपल्याकडे!
२. भिंतीपासून फूट-दीड फूट लांब, पडदा आणि सोफ्यापासून मोकळा ठेवा. डोक्याच्या बाजूला, पण स्वच्छ हवेचा झोत थेट तोंडावर नको.
३. झोपण्याआधी तासभर दार-खिडक्या लावून पूर्ण वेगावर. मग रात्रभर मधल्या वेगावर.
४. 'ऑटो'वर सोडू नका. यंत्रातला सेन्सर स्वतःजवळची, आधीच स्वच्छ झालेली हवा मोजतो आणि वेग कमी करून टाकतो.

यंत्र परवडत नसेल तर पंखा आणि फिल्टर जोडूनही काम होतं. चौकोनी बॉक्स पंख्याच्या मागच्या, म्हणजे हवा ओढणाऱ्या बाजूला मर्व्ह १३ दर्जाचा फिल्टर (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक कण अडवतो त्याची मोजपट्टी) ठेवायचा, फिल्टरवरचा बाण पंख्याकडे करायचा आणि चारही कडा टेपने बंद करायच्या. २०२० मध्ये रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेंथल यांनी चार-पाच फिल्टरांचा खोका करून त्यावर पंखा बसवायची रीत रुळवली. त्यात हवेला जागा जास्त मिळते, त्यामुळे मोटारवर ताण कमी येतो. पंखा नवा आणि चांगल्या अवस्थेतला हवा, आणि घरात कोणी नसताना तो चालू ठेवायचा नाही.

*तपासा:* खोली बंद, यंत्र पूर्ण वेगावर. अर्ध्या तासात आतला आकडा निम्म्याखाली आला पाहिजे. आला नाही तर क्रमाने पाहा: प्लास्टिक, दाराखालची फट, काहीतरी जळतंय का, आणि सगळ्यात शेवटी खोलीच्या मानाने यंत्र लहान आहे का.

ओली चादर खिडकीला टांगणं आणि कुंड्या आणणं यांत वेळ घालवू नका. ओल्या कापडाच्या धाग्यांमधली अंतरं धुराच्या कणांहून कितीतरी मोठी असतात. कुंड्यांबद्दल २०१९ मध्ये जुन्या प्रयोगांचा फेरआढावा घेतला गेला, तेव्हा हवेवर परिणाम दिसायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील असं निघालं. झाडं आवडीसाठी ठेवा.

टप्पा ७: बाहेर पडताना

रुमाल, ओला असो वा कोरडा, धुरासाठी निरुपयोगी. सर्जिकल मास्कच्या कडांतून हवा शिरते. एन ९५ किंवा एफएफपी २ घ्या. अशा मास्कचं कापड कण नुसतं जाळीने अडवत नाही, त्यावरचा विद्युतभारही कण ओढून धरतो. त्यामुळे धुतला किंवा सॅनिटायझर मारला की तो दिसतो तसाच, पण कामातून जातो. शक्य असेल तर कानाऐवजी डोक्यामागे दोन पट्टे असलेला घ्या, तो घट्ट बसतो. झडपेचा मास्क धुरासाठी चालतो.

घालताना खालचा पट्टा मानेवर, वरचा डोक्याच्या मागे उंचावर. नाकावरची धातूची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी मधून बाहेर दाबत न्या. एका हाताने चिमटली तर मधोमध टोक येतं आणि दोन्ही बाजूंना बोगदे राहतात. मग दोन्ही हातांची ओंजळ मास्कवर धरून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे किंवा गालांवर हवा लागली, चष्म्यावर वाफ आली, तर पुन्हा बसवा. दाढी असेल तर मास्क चिकटत नाही, त्याला इलाज वस्तऱ्याचाच.

श्वास जड व्हायला लागला, आतून ओला-मळका झाला किंवा पट्टे सैल पडले की बदला. तोवर कागदी पिशवीत ठेवा. दोन वर्षांखालच्या बाळाला मास्क लावू नका. मोठ्यांचा एन ९५ लहान मुलाच्या चेहऱ्यावर नीट बसतच नाही. मुलांना घरात ठेवणं हाच खरा उपाय. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी मास्कबद्दल डॉक्टरांना आधी विचारा.

गाडीत काचा वर आणि हवा आतल्या आत फिरवणारं बटण चालू. लांबच्या प्रवासात हवा बरी असेल तिथे अधूनमधून काच मिनिटभर खाली करा, नाहीतर झापड येते. कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा लावा. घरी आल्यावर बाहेरचे कपडे झोपायच्या खोलीत नेऊ नका, आणि तोंड-हात धुवा.

टप्पा ८: शरीर काय सांगतंय

डोळ्यांची जळजळ, घसा खवखवणं, थोडा कोरडा खोकला हे अपेक्षित आहे. स्वच्छ हवेच्या खोलीत काही तास राहिल्यावर हे कमी व्हायला हवं. कोणताही काढा किंवा वाफारा फुप्फुसात बसलेले कण धुऊन काढत नाही. घशाला बरं वाटतं, तेवढ्यासाठी घ्या. दम्याचा रोजचा पंप "आज बरं वाटतंय" म्हणून या दिवसांत सोडू नका. सगळ्यात जास्त पश्चात्ताप मी याच चुकीचा होताना पाहिला आहे.

थांबायचं नाही अशी लक्षणं: एक वाक्य दमात पुरं बोलता न येणं, त्रासासाठीचा पंप चार तासांच्या आत पुन्हा लागणं, छातीत दाब किंवा कळ, ओठ निळसर, गोंधळल्यासारखं वागणं, लहान मुलाच्या बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत जाणं. यातलं एकही दिसलं की रुग्णालय. ऑक्सिमीटरवर निरोगी माणसाचा स्वस्थ बसून आकडा ९२ किंवा खाली आला तरी तेच. जुना फुप्फुसविकार असणाऱ्यांचा नेहमीचा आकडा मुळातच कमी असू शकतो, तो टप्पा १ मधल्या कागदावर लिहून घ्या.

*इशारा:* घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ, चक्कर आली आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं तर कार्बन मोनॉक्साइड समजा. ऑक्सिमीटर यात फसवतो, आकडा चांगला दाखवतो. सगळ्यांनी आधी बाहेर, मग फोन.

टप्पा ९: धूर ओसरल्यावर

बाहेरचा आकडा सलग एक-दोन दिवस खाली राहिला की घर पूर्ण उघडा, पंखे लावा, आणि आता एक्झॉस्टही मनसोक्त चालवा. पडदे आणि चादरी धुवा. पंख्याची पाती, खिडक्यांच्या खाचा, एसीची जाळी ओल्या फडक्याने पुसा. पुसताना मास्क लावा. राख पडली असेल तर आधी पाणी शिंपडून मगच गोळा करा. टेप काढा, फोमच्या पट्ट्या राहू द्या.

प्युरिफायरचा फिल्टर उजेडात धरून पाहा. धुराचा एक हंगाम तो कंपनीने सांगितलेल्या मुदतीच्या आधीच संपवू शकतो. राखाडी होणं ठीक, पण काळपट झाला, वास मारायला लागला किंवा हवेचा झोत मंदावला तर बदला. हेपा फिल्टर पाण्याने धुवायचा नसतो, फक्त बाहेरची जाळी धुवायची. जुना फिल्टर झटकू नका, पिशवीत बांधून टाका.

नवा फिल्टर पुढच्या हंगामासाठी प्लास्टिकमध्येच राहू द्या. खोक्यावर जाड पेनाने लिहा: लावताना पिशवी काढणे.